पिक्सेल ९ए घ्यावा का, हे ठरवताना

फोन बदलायचं ठरलं ते जुना बंद पडला म्हणून नाही. तो चालू होता, काच शाबूत होती, फोटोही बरे निघत होते. पण सुरक्षेचे अपडेट यायचे थांबून बराच काळ लोटला होता, आणि बँकेचं ॲप उघडलं की आधी जुन्या अँड्रॉइडबद्दलची सूचना समोर यायची. दुपारीच चार्जिंग उतरायचं, ते निराळं. चार्जर जवळ बाळगून दिवस ढकलता येतो. पण ज्या फोनवरून पैशांचे व्यवहार होतात, त्यातल्या त्रुटी कुणीच दुरुस्त करत नसेल तर तो वापरू नये, या मताची मी आहे. आणि तेवढ्या एका कारणासाठी दर तीन वर्षांनी एक धडधाकट यंत्र टाकून द्यायचं, हेही मला पटत नाही.

म्हणून या वेळी शोध सुरू केला तोच ‘किती वर्षं?’ या प्रश्नापासून. कॅमेरा, वेग, रंग हे सगळं नंतर.

गूगलचा पिक्सेल ९ए माझ्या यादीत वर आला तो यामुळेच. मार्च २०२५ मध्ये जाहीर झालेल्या या फोनला अँड्रॉइडच्या नव्या आवृत्त्या आणि सुरक्षेचे अपडेट सात वर्षं मिळतील, असं गूगलने सांगितलं आहे. ही मुदत गूगलने पहिल्यांदा दिली ती ऑक्टोबर २०२३ मध्ये आलेल्या पिक्सेल ८ ला. जानेवारी २०२४ मध्ये सॅमसंगने गॅलेक्सी एस२४ साठी तेच कबूल केलं. त्याआधी इतकी लांब मुदत अँड्रॉइडच्या जगात क्वचितच कुणी देत होतं, आणि त्यामागे नुसता कंजूषपणा नव्हता. अँड्रॉइडमधल्या त्रुटींची दुरुस्ती गूगल ठरावीक काळाने प्रसिद्ध करतं, पण ती आपल्या हातातल्या फोनपर्यंत पोहोचायला मधे दोन थांबे असतात. चिप बनवणाऱ्या कंपनीने आपल्या भागाचं सॉफ्टवेअर जुळवून द्यावं लागतं, मग फोन बनवणाऱ्या कंपनीने ते तपासून पाठवावं लागतं. चिपवाल्यांनी हात काढून घेतला की पुढचं सगळं अडतं. २०१७ मध्ये आलेल्या प्रोजेक्ट ट्रेबलने अँड्रॉइडचा गाभा आणि चिपशी बांधलेला भाग वेगळे केले, तेव्हापासून हे काम सोपं होत गेलं. २०२१ च्या पिक्सेल ६ पासून गूगल टेन्सर ही स्वतःची चिप वापरतं, त्यामुळे तिथला निर्णयही बराचसा त्यांच्या हातात आला. ९ए मध्ये टेन्सर जी४ आहे. पिक्सेल ६ घेणाऱ्यांना सुरुवातीला अँड्रॉइडच्या नव्या आवृत्त्या तीनच वर्षं मिळणार होत्या. डिसेंबर २०२४ मध्ये ती मुदत पाच वर्षांवर नेली. दिलेली मुदत नंतर वाढवली गेली, हे वाचून माझा विश्वास थोडा वाढला.

तरी बारीक अक्षरं वाचायची सवय सोडू नये. जाहिरातीत ‘सात वर्षं’ एवढंच लिहिलेलं असतं. ही वर्षं मोजली जातात ती मात्र आपण फोन घेतो त्या दिवसापासून नव्हे, तर ते मॉडेल अमेरिकेतल्या गूगल स्टोअरवर पहिल्यांदा विक्रीला आलं तेव्हापासून. ९ए साठी ती मुदत एप्रिल २०३२ मध्ये संपते. विक्रीला आल्यावर दोन वर्षांनी सवलतीत हाच फोन घेणाऱ्याला पाचच वर्षं मिळणार. जुनं मॉडेल स्वस्तात मिळतंय म्हणून आनंदाने घेणाऱ्या प्रत्येकाने आधी हा हिशेब करावा.

कागदावरचं एवढं झालं, पण फोन हाताळल्याशिवाय मी ठरवणार नव्हते. माझा धाकटा भाऊ काही महिन्यांपासून ९ए वापरतोय. तो राहायला आला तेव्हा त्याचा फोन मी जवळजवळ बळकावलाच.

पहिली आवडलेली गोष्ट कुठल्याही जाहिरातीत ठळक नसते: त्याची पाठ सपाट आहे. कॅमेऱ्याचा उंचवटा जवळजवळ नाहीच. टेबलावर ठेवून टाइप करायला लागले तर फोन हलेना, डुगडुगेना. मी बरंच लिखाण फोनवर करते आणि फोन टेबलावर ठेवून दोन्ही हातांनी टाइप करते. माझ्या जुन्या फोनचा कॅमेरा कोपऱ्यात वर आलेला आहे, त्यामुळे डावीकडचं अक्षर दाबलं की उजवीकडचा कोपरा उचलला जातो. ‘र्‍य’, ‘ज्ञ’, ‘ष्ट्य’ असली जोडाक्षरं लिहिताना हा झोका फार छळतो. इथे तो नव्हता. वजन १८६ ग्रॅम, पडदा ६.३ इंचांचा, अंगठा वरच्या कोपऱ्यापर्यंत जात नाही, पण पाठीवरच्या काचेची काळजी करत बसावं लागत नाही, कारण पाठ प्लॅस्टिकची आहे. प्लॅस्टिक म्हटलं की लोक नाक मुरडतात. मला ते चांगलंच वाटतं. फुटणारी एक बाजू कमी.

भर दुपारी गच्चीत नेऊन त्यावर पीडीएफ वाचली. बारीक टाइपातले अनुस्वार आणि रफार स्पष्ट दिसले. जुन्या फोनवर त्याच उन्हात नुसता स्वतःचा चेहरा दिसतो.

मग औषधांची पाकिटं. वडिलांच्या गोळ्यांचं सगळं मी बघते, आणि चंदेरी पत्र्यावर दाबून उठवलेली मुदतीची तारीख वाचणं हे डोळ्यांचा कस बघणारं काम आहे. त्यातून पाकीट कापलेलं असलं की अर्धा आकडा गेलेला. ९ए मध्ये मॅक्रो फोकस आहे. पिक्सेलच्या ‘ए’ मालिकेत तो पहिल्यांदाच आला. फोन पाकिटाच्या अगदी जवळ नेला की कॅमेरा आपणहून मॅक्रोवर जातो आणि पत्र्यावरचा प्रत्येक ठसा सावलीसकट उठून दिसतो. मी तीन-चार पाकिटांचे फोटो काढले, मोठे करून बघितले, वडिलांना दाखवले. ते म्हणाले, “हे मलाही वाचता येतंय की!” बाकी कॅमेऱ्याबद्दल सगळीकडे भरपूर लिहिलेलं सापडेल. मुख्य कॅमेरा ४८ मेगापिक्सेलचा आहे आणि माझ्या गरजेपेक्षा तो कितीतरी सरस आहे.

न आवडलेल्या गोष्टीही तिथेच कळल्या. पडद्याखालचा बोटाच्या ठशाचा सेन्सर ओल्या बोटाला दाद देत नाही. तळघरातल्या पार्किंगमध्ये, जिथे रेंज जेमतेम असते, तिथे मुद्दाम लांब फोन केला. आवाज तुटला नाही, पण फोन हाताला चांगलाच कोमट लागला. नंतर वाचलं, तर ९ए मध्ये एक्झिनॉस ५३०० हा मोडेम (फोनला नेटवर्कशी जोडणारा भाग) आहे, पिक्सेल ९ मधल्या ५४०० पेक्षा आधीच्या पिढीचा. ज्यांचं घर किंवा कचेरी कमी रेंजच्या जागी आहे, त्यांनी ही एक गोष्ट स्वतः करून बघावी. पडद्यावरची काच गोरिला ग्लास ३ आहे, म्हणजे २०१३ सालची पिढी. मी कव्हर आणि वरची काच लावल्याशिवाय फोन वापरत नाही, तरी इतक्या नव्या फोनला इतकी जुनी काच देणं मला खटकलंच.

भावाने माझी ही सगळी परीक्षा शांतपणे बघितली आणि विचारलं, “ताई, सात वर्षं एकच फोन? कंटाळशील.”

“फ्रिजला कंटाळते का मी?”

“मग कॅमेरा सोड, बॅटरीचं बघ. अपडेट सात वर्षं येतील, बॅटरी येईल का तेवढी?”

त्याचा हा प्रश्न मी गंभीरपणे घेतला, आणि माझा खरा अभ्यास तिथून सुरू झाला. ‘ए’ मालिकेच्या बॅटरीचा इतिहास वाचला तर कुणीही बिचकेल. जानेवारी २०२५ मध्ये पिक्सेल ४ए ला एक अपडेट आलं आणि काही फोनची बॅटरी पूर्वीपेक्षा बरीच कमी चालू लागली. एप्रिल २०२५ मध्ये पिक्सेल ७ए च्या फुगणाऱ्या बॅटऱ्यांसाठी मोफत दुरुस्तीची योजना जाहीर झाली. जुलै २०२५ मध्ये पिक्सेल ६ए साठी सक्तीचं अपडेट आलं: काही फोनची बॅटरी ४०० चार्ज चक्रांनंतर तापण्याचा धोका असल्याने तिची क्षमता आणि चार्जिंगचा वेग सॉफ्टवेअरनेच कमी केला गेला. सुरक्षेसाठी ते योग्यच होतं. पण एकाच वर्षात एकाच मालिकेतले तीन फोन! हे वाचल्यावर मी ९ए चा विचार जवळजवळ सोडून दिला होता.

सोडला नाही, कारण ९ए बाबत गूगलने काय लिहून ठेवलंय तेही वाचलं. पिक्सेल ८ए आणि त्यानंतरच्या फोनची बॅटरी सुमारे १,००० चक्रांपर्यंत मूळ क्षमतेच्या ८० टक्के राहावी, असं त्यात म्हटलंय. आधीच्या मॉडेलांना हा आकडा ८०० होता. एक चक्र म्हणजे चार्जर एकदा लावणं नव्हे. आज ५० टक्के वापरली, उद्या ५० टक्के, की मिळून एक चक्र. त्याशिवाय ९ए मध्ये ‘बॅटरी हेल्थ असिस्टन्स’ नावाची सोय आहे: २०० चक्रांपासून पुढे १,००० पर्यंत बॅटरीचं कमाल व्होल्टेज टप्प्याटप्प्याने कमी केलं जातं आणि चार्जिंगचा वेगही त्यानुसार जुळवला जातो. लिथियम आयन बॅटरीला सर्वांत जास्त त्रास होतो तो पूर्ण भरलेल्या स्थितीत तापल्याने. त्या अवस्थेत आतल्या रसायनाचं विघटन वेगाने होतं, वायू तयार होतो आणि त्यानेच बॅटरी फुगते. व्होल्टेज उतरवलं की हे सगळं मंदावतं. उपाय शास्त्राला धरून आहे.

मात्र ९ए मध्ये ही सोय बंद करता येत नाही, आणि याबाबत मी अजूनही नाराज आहे. वस्तू विकत घेतल्यावर तिची बॅटरी किती झिजवायची हे मालकाला ठरवू द्यायला हवं. एवढं खरं की इथे ते घेण्याआधी सांगितलेलं आहे. तीन वर्षांनी एका सकाळी अपडेट येऊन चार्जिंग निम्म्यावर येण्यापेक्षा, होणारी घट पहिल्या दिवसापासून माहीत असणं मला कितीतरी बरं वाटतं.

मग कागद घेऊन बसले. रोज पूर्ण १०० टक्के वापरणाऱ्याची १,००० चक्रं तीन वर्षांच्या आत संपतात. भावाचा वापर साधारण माझ्यासारखाच आहे आणि रात्री त्याच्या फोनमध्ये ४० टक्क्यांच्या आसपास शिल्लक असते. म्हणजे रोजचं सहा दशांश चक्र, आणि हजार चक्रांना साडेचार वर्षं. ९ए ची बॅटरी ५,१०० एमएएच. तिचे ८० टक्के म्हणजे ४,०८०. २०२० च्या पिक्सेल ४ए मध्ये कोरी करकरीत बॅटरी ३,१४० ची होती. मोठ्या बॅटरीचा खरा फायदा मला इथे दिसला. ती दिवसभर पुरते हे तर आहेच, पण चक्रं सावकाश खर्च होतात आणि झिजल्यावरही हाताशी पुरेसं उरतं. चार्जिंग २३ वॉटचं, आजच्या मानाने संथ. अर्ध्या तासात फोन भरून हवा असणाऱ्याला ते चालणार नाही. माझा फोन रात्री चार्जिंगला असतो, त्यामुळे ते माझ्या आड येत नाही.

थोडक्यात हिशेब असा झाला: सात वर्षांच्या अपडेटपैकी साडेचार वर्षं पहिल्या बॅटरीवर, मग एकदा बॅटरी बदलायची. तेव्हा फोन घेण्याआधी मी अधिकृत सेवा केंद्रात जाऊन विचारलं की बॅटरी बदलून मिळते का, किती वेळ लागतो, आणि फोन उघडल्यावर पाण्यापासूनच्या संरक्षणाचं काय. मिळते, म्हणाले. आयपी६८ चं, म्हणजे धूळ-पाण्यापासूनच्या संरक्षणाच्या दर्जाचं, मात्र उघडल्यानंतर काही सांगता येत नाही. तसं ते न उघडताही कायमचं नसतंच. वापराने, पडल्याने कमी होत जातं. फोन घ्यायला जाणारे दहा दुकानं फिरतात, पण दुरुस्ती कुठे होते हे बघायला सहसा कुणी जात नाही. मी तर म्हणेन तिथेच आधी जावं.

या सगळ्यात एक उपयोगी साधन सापडलं. युरोपीय संघात २० जून २०२५ पासून विकायला येणाऱ्या फोनना नवे नियम लागू झाले: बॅटरीने ८०० चक्रांनंतर ८० टक्के क्षमता राखली पाहिजे, महत्त्वाचे सुटे भाग मॉडेलची विक्री थांबल्यावरही सात वर्षं मिळाले पाहिजेत, आणि अपडेट विक्री थांबल्यापासून किमान पाच वर्षं. फोनवर ऊर्जेचं लेबल लागतं आणि त्यावर बॅटरीची चक्रं, दुरुस्तीची श्रेणी, पडल्यावर टिकण्याची श्रेणी असं सगळं असतं. फोन तुम्ही कुठेही घेत असाल, त्या नोंदी ऑनलाइन उघड्या आहेत. तुलना करायला इतकी साधी जागा दुसरी मला दिसली नाही.

तुलनेला तीन फोन उरले होते. गॅलेक्सी ए५६ ला सहा वर्षांचे अपडेट आणि ४५ वॉटचं चार्जिंग, पण ६.७ इंचांचा तो पडदा माझ्या हातात मावत नाही. आयफोन १६ई चा आकार आवडला, आणि ॲपलही आयफोन १५ पासूनच्या बॅटरीसाठी हजार चक्रांचाच आकडा देतं. पण मागे एकच कॅमेरा, मॅक्रो नाही, म्हणजे औषधांची पाकिटं पुन्हा भिंगाखाली.

खरा पेच पडला तो पिक्सेल ९ मुळे. त्यात १२ जीबी रॅम (चालू ॲपना लागणारी तात्पुरती मेमरी) आहे, ९ए मध्ये ८. आज ८ पुरते. गूगलचं जेमिनी नॅनो हे फोनवरच चालणारं मॉडेल ९ए मध्ये छोट्या रूपात आहे, त्यामुळे पिक्सेल स्क्रीनशॉट्ससारख्या काही सोयी त्यात नाहीत. त्यांचं मला दुःख नाही. काळजी होती ती २०३० च्या अँड्रॉइडची, कारण रॅम नंतर वाढवता येत नाही. बॅटरी बदलता येते, रॅम नाही, आणि माझ्याच निकषाने बघायचं तर कौल पिक्सेल ९ कडे जायला हवा होता. पण पिक्सेल ९ ऑगस्ट २०२४ चा, त्याचे अपडेट २०३१ च्या ऑगस्टमध्ये संपणार. बॅटरी ४,७०० ची, म्हणजे तीच कामं करताना चक्रं लवकर संपणार. पाठ काचेची. आणि माझी रोजची कामं वाचन, लेखन, बोलणं, फोटो, बँक अशी आहेत. खेळ नाहीत, व्हिडिओचं संपादन नाही. कागदावर दोन्हीकडच्या बाजू लिहून ते चार-पाच दिवस तसंच राहू दिलं. शेवटी ९ए घेतला, तोही २५६ जीबीचा, कारण यात मेमरी कार्डाला जागा नाही आणि आमच्या घरचे फोटो कुणी पुसत नाही. रॅमबद्दलची शंका पूर्ण गेलेली नाही, हे नमूद करते.

ज्यांना खेळ खेळायचे आहेत, दिवसातून दोनदा फोन भरावा लागतो किंवा ज्यांच्या जवळपास सेवा केंद्र नाही, त्यांना मी हा फोन सुचवणार नाही.

फोन हातात आल्यावर ॲप भरण्याआधी ‘अबाउट फोन’मध्ये जाऊन बॅटरीची माहिती उघडली. तिथे बॅटरी कधी बनली आणि किती चक्रं झाली हे दोन्ही दिसतं. सेकंडहँड पिक्सेल घेणाऱ्याने पैसे देण्याआधी नेमकं हेच पान बघावं. मग चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबण्याची मर्यादा लावली. ती लावली तरी फोन मधूनच कधीतरी १०० पर्यंत भरतो. बॅटरीचा अंदाज अचूक राहावा म्हणून ते मुद्दाम केलेलं आहे, बिघाड नव्हे. लांबच्या प्रवासाला निघताना मी मर्यादा काढते. चक्रांचा आकडा दर तीन महिन्यांनी वहीत लिहायचा ठेवला आहे. तिसऱ्या वर्षाच्या अखेरीला तो साडेसहाशेच्या आसपास असायला हवा. आठशेकडे गेलेला दिसला, तर बॅटरी बदलणं वर्षभर अलीकडे आणावं लागेल.